४ नॅनोमीटर, ३ नॅनोमीटर, २ नॅनोमीटर: फोनच्या चिपवरचा हा आकडा नक्की काय सांगतो?

फोनची कुठलीही जाहिरात उघडा. कॅमेरा अमुक मेगापिक्सेल, बॅटरी अमुक एमएएच आणि मग ठळक अक्षरात ‘४ नॅनोमीटर प्रोसेसर’. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही यावरूनच असतो: “दादा, ६ नॅनोमीटरवाला घेऊ की ४ वाला? दोन हजारांचा फरक आहे.”

उत्तर आधीच सांगून टाकतो. हा आकडा आता माप राहिलेला नाही, तो एक नाव आहे. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या पिढीची तुलना करायला तो उपयोगी पडतो. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप शेजारी ठेवून ‘ज्याचा आकडा लहान तो चांगला’ असं म्हटलं, तर पैसे वाया जाऊ शकतात. असं का, ते समजण्यासाठी चिप कशी बनते आणि ती कोण बनवतं, हे बघावं लागेल.

आधी नॅनोमीटर म्हणजे किती ते बघू

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आपलं नख दर सेकंदाला जवळपास एक नॅनोमीटर वाढतं. सिलिकॉनचे अणू एका ओळीत मांडले तर ३ नॅनोमीटरमध्ये जेमतेम डझनभर बसतील.

आता गंमत बघा. ‘३ नॅनोमीटर’ नावाच्या चिपमध्ये एका ट्रान्झिस्टरच्या गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या आसपास असतं. सगळ्यात बारीक तारा एकमेकींपासून वीसहून जास्त नॅनोमीटरवर असतात. म्हणजे या चिपचं नाव ज्यावरून पडावं असा ३ नॅनोमीटरचा कुठलाही भाग तिच्यात नाही.

माप होतं, त्याचं नाव कसं झालं?

पूर्वी असं नव्हतं. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो १० मायक्रॉनच्या, म्हणजे १०,००० नॅनोमीटरच्या तंत्राने बनवला होता. त्या काळी हा आकडा म्हणजे चिपवरच्या बारीक रेघेचं खरंखुरं माप होतं. ते लहान झालं की ट्रान्झिस्टर लहान व्हायचा, वेग वाढायचा आणि वीजही कमी लागायची. एका आकड्यात सगळं कळायचं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गेटची लांबी आणि पिढीचं नाव यांची फारकत सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टरचा आकारच बदलला, तो सपाट न राहता उभा झाला, तेव्हा एकाच लांबीवरून काही सांगणं शक्यच राहिलं नाही. तरीही नावं उतरत्या क्रमाने चालूच राहिली: २२, १६, १०, ७, ५, ३. कारण गिऱ्हाइकाला लहान आकडा म्हणजे पुढची पिढी हे कळतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंटेलचं. इंटेलच्या १० नॅनोमीटर चिपमध्ये एका चौरस मिलिमीटरमध्ये जवळपास १० कोटी ट्रान्झिस्टर बसतात. तैवानच्या टीएसएमसीच्या ‘७ नॅनोमीटर’मध्येही साधारण तेवढेच बसतात. पण बाजारात इंटेल मागास दिसायची. मग जुलै २०२१ मध्ये इंटेलने आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित आवृत्तीचं नाव बदलून ‘इंटेल ७’ केलं आणि नावातला नॅनोमीटर हा शब्दच काढून टाकला. नियोजित तंत्र तेच, फक्त पाटी नवी.

मग पिढी बदलली की बदलतं तरी काय?

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. गेट ही त्याची चावी. चावी बंद केली की प्रवाह पूर्ण थांबला पाहिजे. नळ फार लहान झाला की तो गळायला लागतो. फोनमध्ये असे अब्जावधी नळ असतात. आयफोन १५ प्रोमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येक नळ थेंबभर गळला तरी बॅटरी उतरते आणि फोन तापतो.

बागेतला रबरी पाइप डोळ्यांसमोर आणा. तो वरून अंगठ्याने दाबला तर बाजूने थोडं पाणी जातंच. जुना सपाट ट्रान्झिस्टर असाच होता, त्याचं गेट फक्त वरून दाबायचं. मग आला फिनफेट. यात प्रवाहाचा मार्ग माशाच्या परासारखा उभा केला आणि गेट तीन बाजूंनी बसवलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे काम केलं. इंटेलने २०१२ मध्ये ते बाजारातल्या प्रोसेसरमध्ये आणलं.

आता त्याच्याही पुढची पायरी सुरू आहे. पाइप मुठीत घट्ट पकडावा तसं गेट चारही बाजूंनी वेढलेलं असतं. याला ‘गेट ऑल अराउंड’ म्हणतात. सॅमसंगने जून २०२२ मध्ये आपल्या ३ नॅनोमीटर पिढीत ते आधी आणलं. टीएसएमसी ३ नॅनोमीटरमध्ये फिनफेटवरच थांबली आणि २ नॅनोमीटरला या रचनेवर गेली. तिचं २ नॅनोमीटरचं उत्पादन २०२५ च्या शेवटी सुरू झालं. इंटेलने याच काळात ‘१८ए’ पिढी आणली. तिच्यात ही रचना आहेच, शिवाय वीज पुरवणाऱ्या तारा चिपच्या मागच्या बाजूने नेल्या आहेत. त्यामुळे पुढच्या बाजूला तारांची गर्दी कमी होते.

आकडा आणि फायदा यांची गल्लत करू नका. ३ वरून २ म्हणजे ३३ टक्के कमी, असं वाटतं. पण टीएसएमसीचाच दावा असा आहे की ३ नॅनोमीटरच्या सुधारित आवृत्तीच्या तुलनेत २ नॅनोमीटरमध्ये तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के जास्त वेग मिळतो, किंवा तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के कमी वीज लागते. ‘किंवा’ हा शब्द लक्षात ठेवा. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत.

चिप छापणारं यंत्र

इतक्या बारीक रेघा काढतात कशा? रांगोळीचा छाप आठवा. भोकं पाडलेला छाप जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, नक्षी तयार. चिपमध्ये रांगोळीऐवजी प्रकाश असतो आणि जमिनीऐवजी सिलिकॉनची गोल चकती. तिला वेफर म्हणतात. पाऊण मिलिमीटर जाड आणि ३०० मिलिमीटर व्यासाची.

अडचण अशी की रेघ बारीक हवी तर प्रकाशाची तरंगलांबीही लहान हवी. अनेक वर्षं १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरला. त्याने भागेना, तेव्हा एकच नक्षी दोन-चार छापांमध्ये वाटून, एकावर एक नेमकी बसवून काढायला लागले. काम होतं, पण टप्पे वाढतात, वेळ जातो आणि जरा हललं की चकती वाया जाते.

यावरचा उपाय म्हणजे ईयूव्ही. याची तरंगलांबी फक्त १३.५ नॅनोमीटर. हा प्रकाश तयार करणंच महाकठीण. वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचा दोनदा मारा करतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि हवा तो प्रकाश निघतो. हा प्रकाश साधी हवासुद्धा शोषून घेते, त्यामुळे सगळं निर्वातात चालतं. भिंगही तो शोषून घेतं, म्हणून भिंगांऐवजी आरसे लागतात. हे आरसे जर्मनीची झाइस कंपनी बनवते.

असं यंत्र जगात एकच कंपनी बनवते: नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हन गावची एएसएमएल. एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या वर. त्याच्या पुढच्या ‘हाय एनए’ पिढीची तर ३५ कोटी डॉलरच्या घरात.

इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगतो, कारण आजची स्पर्धा त्यातून कळते. २०१२ मध्ये या यंत्राच्या संशोधनाला पैसे हवे होते, तेव्हा तीन बड्या कंपन्यांनी एएसएमएलमध्ये हिस्सा घेतला. इंटेलने १५ टक्के, टीएसएमसीने ५ आणि सॅमसंगने ३. सगळ्यात जास्त पैसा घालणारी इंटेल कारखान्यात मात्र हे यंत्र सगळ्यात उशिरा वापरायला लागली. सॅमसंग आणि टीएसएमसी यांनी २०१८-१९ मध्येच ईयूव्हीने उत्पादन सुरू केलं. इंटेल १० नॅनोमीटरसाठी जुन्या प्रकाशावर आणि अनेक छापांवर अवलंबून राहिली, ते तंत्र वर्षानुवर्षं रखडलं, आणि ईयूव्हीने बनवलेला तिचा पहिला प्रोसेसर डिसेंबर २०२३ मध्ये बाजारात आला. मधल्या काळात पहिला नंबर तैवानकडे गेला. म्हणूनच की काय, पहिलं हाय एनए यंत्र मात्र २०२३ च्या अखेरीस इंटेलनेच घेतलं.

डिझाईन एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

क्वालकॉम, मीडियाटेक, ॲपल. यांच्या नावाच्या चिप आपण वापरतो, पण यांच्यापैकी कोणाकडेही फोनचे प्रोसेसर बनवणारा कारखाना नाही. घराचा नकाशा आर्किटेक्ट काढतो आणि बांधकाम ठेकेदार करतो, तसं हे आहे. या ठेकेदार कारखान्यांना ‘फाउंड्री’ म्हणतात.

ही पद्धत रुजवली मॉरिस चँग यांनी. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काम केल्यानंतर त्यांनी १९८७ मध्ये तैवानला टीएसएमसी सुरू केली. नियम एकच: स्वतःच्या ब्रँडची चिप विकायची नाही, फक्त इतरांची बनवायची. त्यामुळे गिऱ्हाइकाला भीती नाही की आपलं डिझाईन घेऊन हा उद्या आपल्याच समोर दुकान मांडेल. सॅमसंगची गोष्ट वेगळी. ती फोनही विकते आणि चिपही बनवून देते. सुरुवातीचे आयफोन प्रोसेसर सॅमसंग बनवायची. ॲपलने २०१४ च्या ए८ पासून टीएसएमसीकडे मोर्चा वळवला आणि २०१६ पासून आयफोनचा मुख्य प्रोसेसर पूर्णपणे तिकडेच गेला.

शर्यत इतकी महाग आहे की बरेच जण बाहेर पडले. अमेरिकेच्या ग्लोबलफाउंड्रीजने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचं काम थांबवलं. सगळ्यात पुढच्या पिढीच्या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणारे आता तीनच उरलेत: टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल.

एकच डिझाईन, दोन कारखाने

कारखान्याने खरंच फरक पडतो का? याची दोन उदाहरणं आपल्यासमोर आहेत.

पहिलं आयफोन ६एसचं. २०१५ मध्ये त्यातली ए९ चिप दोन ठिकाणी बनली: सॅमसंगच्या १४ नॅनोमीटरवर आणि टीएसएमसीच्या १६ नॅनोमीटरवर. आकड्याने सॅमसंगची चिप सरस असायला हवी होती, आणि आकाराने ती लहान होतीही. पण काही चाचण्यांमध्ये टीएसएमसीवाल्या फोनची बॅटरी जास्त टिकली. ॲपलने सांगितलं की प्रत्यक्ष वापरात फरक २-३ टक्क्यांचाच आहे. तो फरक नगण्य मानला, तरी १४ हा आकडा १६ पेक्षा भारी ठरला नाही हे नक्की.

दुसरं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. २०२१ च्या शेवटी आलेली स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर बनली होती. तापण्याबद्दल तिच्यावर बरीच टीका झाली. सहाच महिन्यांत, मे २०२२ मध्ये, क्वालकॉमने जवळपास तेच डिझाईन टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर बनवून ८ प्लस जेन १ आणली. कंपनीच्याच सांगण्यानुसार सीपीयू १० टक्के वेगवान झाला आणि त्याला वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागायला लागली. आकडा दोन्हीकडे ४ च!

म्हणून सॅमसंगच्या कारखान्यातलं सगळं वाईट, असा अर्थ काढू नका. तिथल्या पिढ्याही सुधारत जातात. मुद्दा इतकाच की डब्यावरचा आकडा सारखा असला तरी आतला माल सारखा असेलच असं नाही.

चिप महाग का पडते?

ताटात थापलेल्या वड्या डोळ्यांसमोर आणा. समजा त्या ताटात आठ खडे पडलेत. लहान २०० वड्या कापल्या तर फार तर आठ वाया जातील, म्हणजे ४ टक्के. पण मोठ्या २० च कापल्या तर आठ वाया जाऊ शकतात, म्हणजे ४० टक्के. खडे तेवढेच, नुकसान दहापट.

वेफरचं असंच असतं. १०० चौरस मिलिमीटरची फोन-चिप असेल तर एका वेफरवर साधारण सहाशे बसतात. हजारावर टप्पे आणि सुमारे तीन महिने काम करून त्यातल्या किती चांगल्या निघतात, याला ‘यील्ड’ म्हणतात. नवी पिढी सुरू होते तेव्हा यील्ड कमी असतो आणि हळूहळू वाढतो. फाउंड्रींची खरी लढाई इथे चालते. प्रयोगशाळेत एक चिप बनवून दाखवणं वेगळं, आणि लाखो वेफरवर तोच दर्जा टिकवणं वेगळं. थोडासा दोष असलेल्या चिप काही वेळा एखादा कोअर बंद करून स्वस्त मॉडेलमध्ये वापरतात, तेही याच कारणाने.

एका बेटावर सगळा भार

जगातल्या सर्वात प्रगत चिपपैकी ९० टक्क्यांच्या आसपास तैवानमध्ये बनतात असं मानलं जातं. चीन या बेटावर हक्क सांगतो, आणि तिथे भूकंपही होतात. ३ एप्रिल २०२४ च्या मोठ्या भूकंपात टीएसएमसीला काही कारखान्यांतून कर्मचारी बाहेर काढावे लागले होते. म्हणूनच अमेरिका स्वतःकडे कारखाने उभे करून घेतेय. ॲरिझोनातल्या कारखान्यात टीएसएमसीचं ४ नॅनोमीटरचं उत्पादन २०२४ च्या अखेरीस सुरू झालं. इंटेलमध्ये तर अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये जवळपास १० टक्के हिस्सा घेतला.

दुसरीकडे चीनला ईयूव्ही यंत्र मिळत नाही. निर्बंधांमुळे सप्टेंबर २०२० पासून ह्वावेला टीएसएमसीचे दरवाजे बंद झाले. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्वावेने मेट ६० प्रो आणला. त्यातली चिप चीनच्या एसएमआयसीने ७ नॅनोमीटर दर्जाच्या तंत्राने, ईयूव्हीशिवाय बनवली होती. तेच अनेक छापांचं कष्टाचं तंत्र. अशक्य नाही, पण महाग आणि हळू.

आणि भारत?

गुजरातेत धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीसोबत ९१,००० कोटी रुपयांचा कारखाना उभारतेय. २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपसाठी. “जग २ वर आणि आपण २८ वर?” असं हसू नका. स्क्रीन चालवणारी, चार्जिंग सांभाळणारी, गाडीतली, मीटरमधली चिप याच पिढ्यांची असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या जिओफोन नेक्स्टचा मुख्य प्रोसेसरसुद्धा २८ नॅनोमीटरचा होता. तो फोन गणेश चतुर्थीला येणार होता आणि जगभरातल्या चिपटंचाईमुळे दिवाळीवर गेला, हे अनेकांना आठवत असेल.

महाराष्ट्रात तळेगावचं नाव चर्चेत होतं, तो वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरही पडली. घोषणा आणि वेफर यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते यातून दिसतं.

तर मग फोन घेताना काय बघायचं?

आधी एक उदाहरण. स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ४ नॅनोमीटरची चिप २०२३ मध्ये १०-१२ हजारांच्या फोनमध्ये आली. स्नॅपड्रॅगन ८७० ही त्याआधीची, ७ नॅनोमीटरची. गेमिंगमध्ये ८७० कितीतरी पुढे आहे, कारण तिचे कोअर आणि ग्राफिक्स मुळातच ताकदवान आहेत. नॅनोमीटर फक्त बांधकामाचं तंत्र सांगतो. घर वन बीएचके आहे की बंगला, ते सांगत नाही.

मी स्वतः या क्रमाने बघतो:

१. चिपचं पूर्ण नाव. ‘४ नॅनोमीटर ऑक्टा-कोअर’ एवढंच लिहिलं असेल तर नाव शोधून काढा.
२. मोठे कोअर कोणते आणि किती, आणि ग्राफिक्स कोणतं.
३. कोणत्या फाउंड्रीत बनली. चिपच्या नावासोबत शोधलं की ही माहिती बहुतेक वेळा सापडते.
४. वीस-तीस मिनिटं सलग गेम खेळल्यावरचा वेग आणि तापमान. एका मिनिटाच्या चाचणीचा स्कोअर यापुढे कमी महत्त्वाचा.
५. अपडेट किती वर्षं मिळणार.

नॅनोमीटर या यादीत वेगळा लिहायची गरज मला वाटत नाही. तो तिसऱ्या मुद्द्यात येऊनच गेला.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*२ नॅनोमीटरच्या फोनसाठी थांबू का?*
फोन आत्ता हवा असेल तर नाही. नवी पिढी आधी सगळ्यात महाग फोनमध्ये येते. १५-२० हजारांच्या फोनपर्यंत उतरायला तिला बराच काळ लागतो.

*आकडा शून्यावर आला की पुढे काय?*
काही अडत नाही, कारण तो आकडा कधीचाच माप राहिलेला नाही. इंटेलने ‘१८ए’ नाव घेतलंच आहे. ‘ए’ म्हणजे अँगस्ट्रॉम, नॅनोमीटरचा दहावा भाग. १८ अँगस्ट्रॉम म्हणजे १.८ नॅनोमीटर, आणि तेही नावच. उद्या जाहिरातीत १४, १० असे आकडे दिसले तर चिप पुन्हा मोठी झाली असं समजू नका, आणि १४ हा आकडा २ नॅनोमीटरपेक्षा चांगला की वाईट याचाही हिशेब मांडत बसू नका. चिपचं नाव आणि कारखाना विचारा.